कड्यावरून पाय सुटल्यानंतरची उडी

'सेलेस्ट' या व्हिडिओ गेममधल्या माझ्या सगळ्यात देखण्या उडीचं रेकॉर्डिंग मी जपून ठेवलं होतं. सातवा अध्याय, डोंगराच्या माथ्याकडे जाणारा शेवटचा टप्पा. तिथे वाटेत झेंडे लागतात. पहिल्यावर ३० लिहिलेलं असतं आणि मग आकडे उतरत जातात. दहाच्या आतल्या कुठल्याशा झेंड्यापाशी मी तासभर अडकलो होतो. (नेमका आकडा सांगत नाही, तो आठवला की अंगठा दुखतो.) शेवटी एकदा जमलं. धाव, कडा, उडी, हवेत डॅश (म्हणजे झपकन एक झेप), भिंतीला पकड, परत उडी. पुढचे काही दिवस मी ते चार जणांना दाखवलं. पाचव्याला दाखवताना कौतुक जरा लांबवावं म्हणून एकेक फ्रेम पुढे सरकवायला घेतली.

तेव्हा दिसलं की उडी मारताना मॅडलिनचे, म्हणजे गेममधल्या माझ्या पात्राचे, पाय कड्यावर नव्हतेच. ती केव्हाच पुढे गेली होती. पायाखाली नुसती हवा. एक फ्रेम, दोन, तीन, आणि चौथ्या फ्रेमला ती त्या हवेवरच पाय देऊन उडाली. पाचवा माणूस काही बोलला नाही. मीही रेकॉर्डिंग बंद केलं.

ही गेममधली चूक नव्हे. ही सोय मुद्दाम ठेवलेली आहे. गेम बनवणारे तिला 'कायोटी टाइम' म्हणतात. कार्टूनमधला तो कोल्ह्यासारखा प्राणी पळता पळता कड्याबाहेर जातो आणि खाली बघेपर्यंत पडत नाही, त्यावरून हे नाव पडलं. 'सेलेस्ट'मध्ये कडा सुटल्यावरही साधारण एक दशांश सेकंद उडीचं बटण चालतं. म्हणजे ज्या उडीचा मला एवढा गर्व होता, ती मी चुकवलेली उडी होती. गेमने ती पदरात घेतली होती आणि मला कळूही दिलं नव्हतं.

हे सांगायचं कारण म्हणजे अवघड पिक्सेल-आर्ट प्लॅटफॉर्मर (जुन्या वळणाच्या ठिपक्याठिपक्यांच्या चित्रांचे, उड्या मारत पुढे जायचे गेम) खेळणाऱ्यांमध्ये वर्षानुवर्षं चाललेलं एक भांडण. गेम अवघड आहे म्हणून कुणी तक्रार केली, की दहा जण 'गिट गुड' म्हणून मोकळे होतात. म्हणजे गेमला नावं ठेवू नकोस, तू सुधार. आणि गेममध्ये खेळ सोपा करायची सोय असेल तर तेच दहा जण म्हणतात की ती वापरणारा गेम खेळलाच नाही, त्याने तो नुसता पाहिला. यातल्या पहिल्या वाक्यात कधीकधी तथ्य असतं. दुसरं वाक्य मला साफ चुकीचं वाटतं. ही मंडळी ज्या 'मूळ' अवघडपणाची राखण करतात, तो मुळात कुठे नसतोच. त्यांचा गेमही सोपा करूनच त्यांच्या हातात दिलेला असतो. फक्त ते बटण मेनूत दिसत नाही, एवढंच.

'सेलेस्ट' जानेवारी २०१८ मध्ये आला. मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांनी आधी पिको-८ या नकली जुन्या कन्सोलवर चार दिवसांत एक छोटा गेम केला होता, त्याचं हे मोठं रूप. मॅडलिन नावाची मुलगी एक डोंगर चढते. डोंगर चढताना तिची गाठ स्वतःच्याच भीतीशी पडते आणि ती भीती तिच्यासारखीच दिसते. खेळणाऱ्याच्या हातात उडी, डॅश आणि भिंत धरणं एवढंच असतं. काटा लागला की मरण, आणि पापणी लवायच्या आत त्याच खोलीच्या सुरुवातीला परत उभं. त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये याला सर्वोत्तम इंडी (म्हणजे स्वतंत्रपणे बनवलेल्या) गेमचा मान मिळाला. सगळीकडे त्याच्याबद्दल एकच वाक्य ऐकू येई: अवघड आहे, पण न्याय्य आहे.

ते 'न्याय्य' कशातून आलं, हे बघण्यासारखं आहे. कायोटी टाइम हा त्याचा एक तुकडा झाला. जमिनीला पाय टेकायच्या जरासं आधी तुम्ही उडीचं बटण दाबलंत, तर गेम ते लक्षात ठेवतो आणि टेकल्याबरोबर उडवतो. उडी मारताना डोकं एखाद्या कोपऱ्याला चार पिक्सेलनी अडलं, तर तुम्हाला खाली पाडण्याऐवजी तो हळूच बाजूला सरकवून वर जाऊ देतो. बटण दाबून धरलं तर उडीच्या सर्वांत उंच बिंदूपाशी गुरुत्वाकर्षण निम्मं होतं, म्हणजे कुठे उतरायचं ते ठरवायला क्षणभर जास्त मिळतो. भिंतीला टेकला नसाल, दोन पिक्सेल लांब असाल, तरी भिंतीवरून उडी बसते. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट काट्यांची. काट्यांच्या दिशेने जात असाल तरच काटे मारतात. त्यांच्यापासून दूर जाताना नुसते घासून गेलात तर मारत नाहीत. तुमच्या मनात पळण्याचा विचार आला होता, एवढं गेमला पुरतं.

सगळं चित्र मुळात ३२० बाय १८० पिक्सेलचं आहे. त्यात चार पिक्सेल म्हणजे कमी नाही. मॅडलिनच्या रुंदीच्या निम्मे. एवढी सूट गेम प्रत्येक खोलीत, प्रत्येक उडीला देत असतो. थॉर्सन यांनी हे काही लपवून ठेवलेलं नाही, स्वतःच जाहीरपणे समजावून सांगितलं आहे. मात्र 'असिस्ट मोड (गेममधली खेळ सोपा करायची सोय) वापरणारे फसवे' असं लिहिणाऱ्या कुणी ही सूट बंद करून खेळल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

आता तो असिस्ट मोड. त्यात गेमचा वेग शंभर टक्क्यांवरून दहादहाने खाली पन्नासपर्यंत आणता येतो. भिंत धरून ठेवायची ताकद अमर्याद करता येते, हवेतले डॅश वाढवता येतात, अगदी मरणच बंद करता येतं. इथे एक तांत्रिक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. मारामारीच्या गेममध्ये 'सोपं' करायचं तर शत्रूचा घाव हलका करा, झालं. या गेममध्ये घाव हा प्रकारच नाही. एक स्पर्श म्हणजे मरण. इथे अवघड काय असतं, तर वेळ. बटण कुठल्या क्षणी दाबायचं ते. त्यामुळे सोय द्यायची तर वेळच द्यावी लागते. वेग ८० टक्के केला की तो एक दशांश सेकंदाचा कायोटी टाइम ०.१२५ सेकंदाचा होतो. पन्नासला दोन दशांश. म्हणजे असिस्ट मोड परक्या कुठल्या गोष्टीची भेसळ करत नाही. गेम मुळातच जे वाटत होता, त्याचं माप तो मोठं करतो. कुणाच्या बोटांना एक दशांश पुरतो, कुणाच्या बोटांना दोन लागतात. मग एक दशांशवाला खरा आणि दोन दशांशवाला खोटा, हे ठरवायचं कुठल्या नियमाने?

यावरचं नेहमीचं उत्तर असतं की बनवणाऱ्याने जे ठरवलं तेच खरं. बरं, मग 'सेलेस्ट' बनवणाऱ्यांनीच तर ही सोय ठरवली. पण त्यांनाही ती पहिल्याच फटक्यात नीट मांडता आली नव्हती. आधी तिथली सूचना अशी होती की हा अवघडपणा अनुभवाचा गाभा आहे, तेव्हा पहिल्यांदा असिस्टशिवाय खेळा असं आम्ही सुचवतो. हेतू चांगलाच होता. पण ज्याचा हात थरथरतो किंवा ज्याला एकाच हाताने खेळावं लागतं, त्याने ती सूचना वाचायची म्हणजे दारातच 'खरी पंगत आत आहे, तुमचं पान ओसरीवर' असं ऐकायचं. २०१९ मध्ये त्यांनी तो मजकूर बदलला, सल्ला काढून टाकला. गेममध्ये एकही खोली बदलली नाही, एकही काटा हलला नाही. फक्त दोन-तीन वाक्यं बदलली. मला हा बदल नव्या अध्यायापेक्षा मोलाचा वाटतो.

सोय द्यायची पण लाजवून द्यायची, याचा नमुना २०१७ च्या 'कपहेड'मध्ये आहे. तिथे बहुतेक बॉससाठी (म्हणजे बड्या शत्रूंसाठी) सोपा पर्याय आहे, पण सोप्या पर्यायावर जिंकलेला विजय शेवटच्या दारात चालत नाही. म्हणजे जेवायला बोलवायचं आणि भात यायच्या आत उठवायचं. उलट २०२० च्या 'हेडीस'मधला गॉड मोड बघा. तो सुरू केला की नुकसान २० टक्के कमी होतं आणि दर मरणागणिक ही सवलत दोन टक्क्यांनी वाढते, ८० पर्यंत. जितके हराल तितका गेम जवळ येतो. गोष्ट तीच, शेवट तोच. हे दोन्ही गेम प्लॅटफॉर्मर म्हणून मोजायचे की नाही यावर वाद घालता येईल, पण सवलत देणाऱ्याचा स्वर कसा असावा ते त्यांतून चांगलं कळतं.

दुसरा मुद्दा जुन्या काळाचा काढला जातो. पिक्सेल दिसले की लोकांना आठवणी येतात: आमच्या वेळी तीन जीव मिळायचे, संपले की पहिल्यापासून, आणि त्यातूनच आम्ही शिकलो. पिक्सेल आर्टने ही अपेक्षा अंगावर ओढून घेतली आहे, यात शंका नाही. चित्र जुन्या वळणाचं, म्हणून शिक्षाही जुन्या वळणाची हवी. पण त्या जुन्या शिक्षेमागे तत्त्वज्ञान कमी आणि हिशेब जास्त होता. आर्केडचं यंत्र नाण्यावर चालायचं. खेळणारा लवकर मेला तरच दुसरं नाणं पडणार. घरी खेळायच्या कार्ट्रिजमध्ये जागा थोडी, म्हणून अर्ध्या तासाचा गेम महिनाभर पुरवायला मरण महाग करून ठेवायचं. आणि त्या काळातही जास्त झालं की जास्त झालं असं म्हणणारे होतेच. १९८६ मध्ये जपानमध्ये आलेला दुसरा 'सुपर मारिओ ब्रदर्स' इतका अवघड होता, की अमेरिकेत त्या नावाने वेगळाच गेम दिला गेला. मूळचा तिथे पोचला तो १९९३ मध्ये, 'द लॉस्ट लेव्हल्स' या नावाने. तो सुवर्णकाळ आपल्याला वाटतो तेवढा कडक नव्हता.

खरा बदल २०१० च्या आसपास झाला. 'सुपर मीट बॉय'ने जीव मोजणंच बंद केलं. मेलात की लगेच परत उभे, आणि खोली पार झाली की तुमचे सगळे फसलेले प्रयत्न एकाच वेळी पडद्यावर धावताना दिसणार. लाल गोळ्यांचा एक थवा काट्यांवर फुटत जातो आणि त्यातला एकच शेवटी पोचतो. मी तो थवा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मोठ्याने हसलो होतो. दोनशे वेळा मेलेल्या माणसाला हसवणं सोपं नाही. त्याच वर्षीच्या टेरी कॅव्हना यांच्या 'व्हीव्हीव्हीव्हीव्हीव्ही'मध्ये उडीचं बटणच नाही, फक्त गुरुत्वाकर्षण उलटवता येतं. तिथे एके ठिकाणी घोट्याएवढ्या अडथळ्यापलीकडे एक चकचकीत वस्तू ठेवलेली आहे. उडी मारता येत नाही, म्हणून तेवढंसं ओलांडायला काट्यांनी भरलेल्या खोल्यांमागून खोल्या वर जायचं आणि तेवढ्याच खाली यायचं. गेमच्या दुनियेत हा सगळ्यात दुष्ट आणि सगळ्यात विनोदी प्रसंग असेल. आणि तो ऐच्छिक आहे! ती वस्तू न घेता गेम पूर्ण होतो. शिवाय त्याच्याही मेनूत वेग कमी करायची आणि मरण बंद करायची सोय आहे. त्यामुळे तो विनोद फिका पडल्याचं मी कुणाकडून ऐकलेलं नाही.

म्हणून मला वाटतं की 'अवघड' हा एकच शब्द वापरून आपण दोन निराळ्या गोष्टींबद्दल भांडत असतो. चुकण्याची शक्यता किती, ही एक. चुकलं तर किंमत किती, ही दुसरी. 'सेलेस्ट'मध्ये पहिली प्रचंड आहे आणि दुसरी जवळपास शून्य. मरणांचा आकडा गेम दाखवतो, पण लाजवायला नव्हे. पहिल्याच अध्यायाच्या आसपास तो सांगून टाकतो की या आकड्याचा अभिमान बाळगा, जितके मराल तितकं शिकताय. सप्टेंबर २०२५ मध्ये 'सिल्कसाँग' हा अवघड गेम आला तेव्हा झालेल्या आरडाओरड्यात बरीचशी तक्रार दुसऱ्या गोष्टीची होती: बॉसकडे हरलं की परत तिथवर जायची लांबलचक वाट, आणि एका फटक्यात दोन मुखवटे (तिथे जीव मुखवट्यांत मोजतात) जाणं. त्यावरही उत्तर मिळालं ते 'गिट गुड'च. प्रश्न रस्त्याचा आणि उत्तर बोटांचं. पुढे काही दिवसांतच सुरुवातीचे काही भाग बनवणाऱ्यांनी थोडे सौम्य केले. म्हणजे तक्रार ऐकण्याजोगी आहे हे त्यांना कळलं, त्यांच्या स्वयंसेवक पहारेकऱ्यांना नाही.

खेळणाऱ्यांची मतं वाचताना आणखी एक गोष्ट मी आता बघतो: मत देणारा किती तास खेळलाय. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात तो आकडा मताशेजारीच असतो. दोन तासांपेक्षा कमी खेळून, विकत घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत पैसे परत मागता येतात. त्यामुळे अवघड गेमच्या पहिल्या दोन तासांत ज्याचं जमलं नाही, तो बहुतेक मुकाट्याने निघून जातो. उरतात ते जमलेले. मग त्यांची मतं एकावर एक साचतात आणि चित्र असं उभं राहतं की सगळ्यांनाच हे अवघड पण न्याय्य वाटलं. परीक्षा सोपी होती असं पास झालेल्यांना विचारून ठरवण्यासारखं आहे हे. याचा अर्थ त्यांचं मत खोटं नाही, फक्त ते एकाच बाकावरचं आहे.

नापसंतीच्या मतांचीही तीच गत. 'कंट्रोल खराब आहेत' असं लिहिलेलं असतं, तेव्हा मी त्यातलं अर्धं खरं धरतो. पुष्कळदा गेमचे कंट्रोल बिघडलेले नसतात. कायोटी टाइमसारखी सूटच त्यात घातलेली नसते. खेळणाऱ्याला त्याचं नाव माहीत नसतं, पण अंगठ्याला उणीव जाणवते. मी बटण दाबलं होतं, गेमने ऐकलं नाही, असं तो म्हणतो. मोजून बघितलं तर गेमचं म्हणणं बरोबर निघतं, दोन फ्रेम उशीर झालेला असतो. तरी मी त्या खेळणाऱ्याच्या बाजूने. माणसाच्या हाताकडून दोन फ्रेमांचा चोख हिशेब मागणारा गेम बरोबर असेल, पण चांगला नाही.

आता समोरच्यांच्या एका म्हणण्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, तेही सांगतो. ते म्हणतात की सोपा पर्याय नुसता हाताशी असणं हाच खेळात बदल आहे. दोनशेव्यांदा मरताना तुमच्या मनात दोन आवाज असतात, एक 'परत कर' म्हणतो आणि दुसरा 'मेनू उघड'. दार नसेल तर दुसरा आवाजच नाही. हे खरं आहे. ज्या गेममध्ये दार नव्हतं, तिथे मी जास्त टिकलो आहे. म्हणूनच, एखाद्या बनवणाऱ्याने सोय द्यायची नाही असं ठरवलं तर तो त्याचा हक्क आहे असं मी मानतो. २०१९ मध्ये 'सेकिरो' या गेमवरून हाच वाद पेटला होता आणि तेव्हाही प्रत्येक गेमला सोपा मोड असलाच पाहिजे या बाजूला मी गेलो नाही. मात्र हा हक्क बनवणाऱ्याचा आहे. शेजारी बसून खेळणाऱ्याला तो वारशाने मिळत नाही. १९७८ मध्ये मेसनर आणि हाबेलर यांनी ऑक्सिजनशिवाय एव्हरेस्ट चढून दाखवलं, म्हणून १९५३ ची तेनसिंग आणि हिलरी यांची चढाई कुणी रद्द केली नाही. पराक्रम मोजायचा तर 'सेलेस्ट'मध्येही जागा आहे: एकदाही न मरता अख्खा अध्याय पार करणाऱ्याला सोनेरी स्ट्रॉबेरी मिळते. ज्यांना छाती फुगवायची त्यांनी ती मिळवावी. आणि स्ट्रॉबेऱ्या मित्रांवर छाप पाडायच्या कामाच्या, त्यापलीकडे त्यांचा उपयोग नाही, हेही गेमने आधीच सांगून ठेवलंय.

माझ्या त्या दुसऱ्या आवाजाचं काय झालं तेही सांगायला हवं. सप्टेंबर २०१९ मध्ये 'फेअरवेल' हा नववा अध्याय फुकट आला. मूळ गेममध्ये न शिकवलेल्या युक्त्या तो मागतो: जमिनीकडे तिरका डॅश मारून टेकता टेकता उडी घ्यायची, म्हणजे वेग दुप्पट वाटतो. त्यातल्या एका खोलीत मी तीन संध्याकाळी घालवल्या. चौथ्या संध्याकाळी मेनू उघडला आणि वेग ८० वर आणला. संगीतही जरा जड झाल्यासारखं वाटलं, मॅडलिन मधातून चालल्यासारखी. सहाव्या प्रयत्नात खोली पार. आनंद झाला का? थोडा. चोरी केल्यासारखं वाटलं का? त्याहून थोडं जास्त. पण एक गोष्ट अनपेक्षित घडली. त्या मंद वेगात मला पहिल्यांदा दिसलं की मी तीन दिवस चुकीच्या जागी डॅश मारत होतो. उशिरा नव्हे, चुकीच्या जागी. पूर्ण वेगात ते दिसायला वेळच नव्हता.

नंतर वेग १०० वर नेऊन परत त्याच खोलीत गेलो. डॅश आता योग्य जागी होता, तरी मेलो. मग पुन्हा मेलो. आकडा वाढत राहिला. ती खोली पूर्ण वेगात माझ्याकडून अजून पार झालेली नाही, आणि तिच्यापुढचा सगळा अध्याय मी ऐंशीनेच पाहिला आहे.